‘साहेब, हे चूक आहे’ असे लिहिता आले पाहिजे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून काळजी वाटली आणि रागही आला. चाकणच्या कारखान्यात प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागाची, जबाबदारी मिळताच तू शिफ्टचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलास, इथपर्यंत ठीक आहे. त्यावर एका कंत्राटी ऑपरेटरने, साचा झिजल्याने बाद माल वाढेल या अर्थाने, ‘डाय झिजली आहे, या टार्गेटने रिजेक्शनच वाढेल’ असे लिहिले, तेव्हा तू तो संदेश काढून टाकलास आणि यापुढे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था केलीस. आता सर्वांनी तुला वगळून वेगळा ग्रुप काढला आहे, तर त्यात शिरावे की तो बंद पाडावा, असे तू विचारतोस. दोन्ही करू नकोस. तो ग्रुप तुझा नाही, आणि त्यात तुझ्याबद्दल काय लिहितात हे कळून तुला शहाणपण येणार नाही. आश्चर्य याचे वाटते की एवढ्या लांबलचक पत्रात त्या डायचे पुढे काय झाले, हे कुठेच नाही.

हाताखालच्या माणसाला जिथे ‘साहेब, हे चूक आहे’ असे लिहिता येत नाही, तिथे फक्त हुकूम असतात आणि हुकमांखाली अंगठे. अंगठे मोजून तू स्वतःची समजूत घालत होतास. व्हॉट्सअ‍ॅपने फक्त अ‍ॅडमिनने लिहिण्याची सोय 2018 मध्ये दिली. सुट्टीची किंवा बसच्या वेळेची सूचना द्यायला ती उत्तम आहे, परंतु प्रेस शॉप खालून वर येणाऱ्या माहितीवर चालते. तुम्ही मंडळी टोयोटाचे दाखले तोंडपाठ म्हणता. तिथल्या जुळणीच्या लाइनवर दोष दिसताच कोणत्याही कामगाराने अँडनची, म्हणजे इशारा देणारी, दोरी ओढायची असते. टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष सुटला नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कोणी दटावत नाही, म्हणूनच ती ओढली जाते. तुझ्या ऑपरेटरने मोबाइलवर नेमके तेच केले होते.

तुझे वरिष्ठ म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप सोडून कंपनीचे अधिकृत अ‍ॅप घेऊ. जरूर घ्या, ग्राहकाची ड्रॉइंग्ज खासगी फोनांवर फिरू नयेत, याबद्दल माझा वाद नाही. मात्र अ‍ॅपने स्वभाव बदलत नाही. फेसबुकसारख्या कंपनीने 2016 मध्ये कार्यालयांसाठी ‘वर्कप्लेस’ आणले आणि 2024 मध्ये ते बंद करत असल्याचे जाहीर केले. साधने अशीच येतात आणि जातात. नव्या अ‍ॅपवरही कामगार पहिल्यांदा एवढेच पाहतील की विरुद्ध लिहिणाऱ्याचे पुढे काय झाले, आणि कंत्राटी माणूस तर ठेकेदाराच्या पुढच्या यादीत त्याचे नाव राहिले का, हे पाहील.

रात्री अकराला तू संदेश टाकतोस आणि निळ्या खुणा झाल्या तरी उत्तर नाही म्हणून चिडतोस, हेही त्यातलेच. ‘आता नाही, सकाळी पाहतो’ असे सांगता येणे हाही साहेबाला विरोध करण्याचाच अधिकार आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. तुला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझ्या अखेरच्या नोकरीत ग्रुपवर जाब विचारायला मी ठाम नकार दिला आणि शिफ्ट बदलताना लाइनवर उभे राहून सर्वांशी बोलण्याचा हट्ट सोडला नाही. वरच्यांनी मला जुनाट ठरवले आणि बढती दुसऱ्याला दिली. तिची खंत आहे, ती का लपवू? तरीही माझ्या लाइनवरचा हेल्परसुद्धा मला तोंडावर चूक म्हणत असे, आणि त्यामुळे माल परत येण्याआधी दोष कळत असे. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी सांगतो आहे असे तुला वाटेल. वाटू दे.

उद्याच ग्रुप सर्वांसाठी खुला कर. डाय टूल रूमला दाखव, आणि तिथे जे निघेल ते त्याच ग्रुपवर लिही. त्या ऑपरेटरचे म्हणणे बरोबर निघाले तर तसे स्पष्ट लिही, त्याची हरकत नसेल तर नावासकट. महिनाभर कोणी काही लिहिणार नाही. तेव्हा उतावीळ होऊन नियम बदलू नकोस, रोज लाइनवर जाऊन विचारत राहा. शिस्त ढिली केली म्हणून वरिष्ठ तुला बोलावतील, तेव्हा रिजेक्शनचे आकडे घेऊन जा, आणि त्यांनी तरीही ग्रुप बंद करायला सांगितले तर त्यांनाही लेखी कळव की साहेब, हे चूक आहे.