जीडीपीच्या आधी अर्थव्यवस्थेची दिशा कशावरून ओळखायची?

तुमचं म्हणणं बरोबर आहे, जीडीपीचा आकडा तिमाही संपल्यावर जवळपास दोन महिन्यांनी हातात पडतो. तोवर काय बघावं, हा तुमचा प्रश्न. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे मंदी विक्रीच्या आकड्यात सगळ्यात उशिरा दिसते. आधी परदेशी गिऱ्हाइकाची पुढची ऑर्डर लांबते. मग मालक सुताची खरेदी हात आखडून करतात. मग ओव्हरटाइम बंद, नंतर रात्रपाळी. कामगार कमी करायची वेळ शेवटी, कारण हात बसलेला माणूस एकदा गेला की परत मिळत नाही. या सगळ्या काळात जुन्या ऑर्डरींचा माल मात्र गाड्या भरून जातच असतो!

तेव्हा निर्णय जिथे होतो, तिथला आकडा बघा. अमेरिकेतली कॉन्फरन्स बोर्ड ही संशोधन संस्था अर्थव्यवस्थेची पुढची दिशा सांगणारा निर्देशांक काढते. त्यात कारखान्यांतले आठवड्याचे सरासरी कामाचे तास असतात, ते याचसाठी. बेरोजगारीचा दर मागाहून येतो.

भारतासाठी कारखान्यांचा पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक) सोयीचा. उत्पादन, ऑर्डरी वाढल्या, घटल्या की तेवढ्याच, असं कंपन्यांना दर महिन्याला विचारतात. 50 च्या वर म्हणजे वाढ. 58 चा 56 झाला की मथळ्यात ‘घसरण’ येते, पण ती वाढच असते, जरा मंदावलेली. त्यात सर्वाधिक वजन, 30 टक्के, नव्या ऑर्डरींना आहे. एप्रिल 2020 चा 27.4 हा आकडा मेच्या सुरुवातीलाच आला. त्या तिमाहीत जीडीपी 23.9 टक्के आकसल्याचं 31 ऑगस्टला कळलं. (लॉकडाऊन कळायला निर्देशांक लागत नव्हता, हे खरं. पण मधलं अंतर बघा.)

जीएसटी वसुलीचं फार कौतुक होतं, पण तो झालेल्या विक्रीवरचा कर. त्यापेक्षा ई-वे बिलं, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायची कागदपत्रं, बरी. 50,000 रुपयांवरचा माल सहसा त्याशिवाय हलत नाही, आणि ते गाडी निघण्याआधीच काढावं लागतं.

एकाच सूचकावर मात्र विसंबू नका. अमेरिकेत दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षा जास्त झाला की मंदीची हाकाटी होते. जुलै 2022 पासून तो दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला, आणि त्या काळात मंदी काही आली नाही. मी नव्या ऑर्डरी आणि ई-वे बिलं जोडीनं बघतो. दोन्ही सलग तीन महिने नरम असतील, तर नव्या मागांसाठी कर्ज काढायचा विषय मालकांपुढे काढत नाही.