तुमचे प्रश्न : इंजिनात साचणारा ऑइलचा गाळ

प्रश्न : २०१४ची पेट्रोल हॅचबॅक जुनी घेतली आहे, ८२,००० किमी झालेली. ऑइल भरायचे झाकण उघडले तर आत डांबरासारखा जाड काळा थर दिसतो. इंजिन गरम झाले की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो, लिटरभर डिझेल ओतून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवू, सगळे धुऊन निघेल. करू का? (सांगली)

उत्तर : करू नका. आणि दिवा लुकलुकतो आहे तोवर गाडी चालवूही नका, ओढून गॅरेजला न्या.

ऑइल पंप चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल साठणाऱ्या भांड्याच्या, तळाशी असलेल्या जाळीतून ऑइल ओढतो. डिझेलने थर विरघळत नाही, त्याच्या खपल्या सुटतात आणि त्या थेट या जाळीवर येऊन बसतात. पंपाला ऑइल मिळेनासे झाले की क्रँकची बेअरिंगे काही मिनिटांत खराब होतात. शिवाय डिझेल इतके पातळ की बेअरिंगवरचा ऑइलचा पडदा त्या दहा मिनिटांतच तुटतो, आणि निथळून न आलेले डिझेल पुढे नव्या ऑइललाही पातळ करते. दिवा लागत असताना बाजारातले फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुण्याचे तयार द्रवही नको; खपल्यांचा धोका तिथेही तोच आहे.

तुमच्या गाडीत साफसफाई हातानेच व्हायला हवी. आधी ऑइलचा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनावर आयडलला (रेस न देता) व ३,००० आरपीएमला दाब मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडा. कधी कधी दाब ठीक असतो आणि स्विचच खराब निघतो. दाब खरोखर कमी असेल तर इंजिन लगेच बंद करा.

मग ऑइल काढून टॅपेट कव्हर (इंजिनाच्या हेडवरचे झाकण) आणि चेंबर दोन्ही उतरवा. हेडवरचा थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि सुटलेला गाळ तिथल्या तिथे उचला. हेडमधून ऑइल खाली परतायची भोके आधी कापडाच्या बोळ्यांनी बंद करा, म्हणजे खपल्या खाली पडणार नाहीत. शेवटी बोळे मोजून बाहेर काढा आणि ती भोकेही मोकळी करा. ती बुजली की ऑइल वरच अडकते आणि चेंबर रिकामे पडते. जाळी रॉकेलमध्ये धुऊन हवेने पूर्ण वाळवा. जाळीच्या नळीला ओ-रिंग असेल तर ती नवीनच घाला. कडक झालेल्या रिंगमधून पंप हवा ओढतो आणि एवढे करूनही दिवा लुकलुकतच राहतो.

चेंबर बसवताना सिलिकॉनची साधारण ३ मिलिमीटरची एकसारखी रेघ पुरे. बरेच जण गळतीच्या भीतीने ते थापतात, आणि आत आलेला जादा भाग तुटून पुन्हा जाळीतच जातो. पाकिटावर लिहिलेला वेळ सुकू द्या. ड्रेन बोल्टचा वॉशर आणि फिल्टर नवीन. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचे सिंथेटिक ऑइल भरा. पहिल्यांदा सुरू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, थोडे थोडे थांबत, दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. मगच फ्यूज लावा.

त्यानंतर हे पहिले ऑइल १,००० किमीला, दुसरे आणखी ३,००० किमीला बदला. दोन्ही वेळा फिल्टरही बदलायचा. उरलेला गाळ चांगले ऑइल हळूहळू सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जमतो. फिल्टर तुंबला की त्याचा बायपास उघडतो आणि घाण न गाळता फिरू लागते. काढलेला फिल्टर कापून घड्या उलगडून बघा. काळा चिखल कमी होत असेल तर काम योग्य दिशेने चालले आहे. चमकणारे धातूचे कण दिसले, किंवा साफसफाईनंतरही गरम आयडलला दाब कमीच राहिला, तर बेअरिंगे किंवा पंप झिजला आहे. तिथे कोणत्याही ऑइलचा उपयोग नाही.

प्रश्न : पावसाळ्यात झाकणाच्या आत पिवळट पांढरी साय धरते. गाडी रोज शाळेपर्यंत जेमतेम ३ किमी जाते. (महाबळेश्वर)

उत्तर : साय फक्त झाकणाला असेल तर ती दमट हवेतले आणि ज्वलनातून आलेले पाणी ऑइलमध्ये घुसळून झालेली आहे. ऑइल तापायला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो. तापमानाचा काटा मधोमध आला तरी ३ किमीत ऑइल कोमटच राहते आणि पाणी उडून जात नाही. आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास घाटातून किंवा मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून हे साधत नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह जरूर तपासा, कारण इंजिनातली वाफ बाहेर जायची वाट तीच आहे. सुटा व्हॉल्व्ह असेल तर आयडलवर काढून तोंडाशी बोट धरा. ओढ जाणवली पाहिजे, आणि हलवल्यावर आत खुळखुळ झाली पाहिजे. काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच असतो. काटा नेहमीच खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे का ते बघा.

डिपस्टिकवरही साय दिसत असेल आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या व गाडी थांबवा.

प्रश्न : बीएस-६ डिझेल टॅक्सी आहे. ऑइल बदलल्यावर लगेच काळे होते. हा गाळच का? (पुणे)

उत्तर : नाही, ती काजळी आहे. तिला तरंगत ठेवणे हेच ऑइलचे काम. तुम्ही पातळीकडे लक्ष द्या. डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) आपोआप होणारी सफाई वारंवार अर्धवट राहिली, म्हणजे ती चालू असतानाच इंजिन बंद झाले, की त्या सफाईसाठी जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर किमी न बघता ऑइल बदला. शहरातल्या कोंडीत मीटर फारसा पुढे सरकत नाही, पण इंजिन तासन्‌तास चालू असते. म्हणून मॅन्युअलमधला खडतर वापराचा तक्ता पाळा, १०,००० किमीची वाट बघू नका. ऑइल मात्र डीपीएफसाठीचे, कमी राखेचेच घ्या.