कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडली की लगेच खत नको

आधी मुळांकडे बघा. खतातले क्षार पाण्याबरोबर आपोआप आत शिरतात असं नाही. नायट्रेट, पोटॅशियम यांना पेशीपटलातली (मुळांच्या पेशींभोवतीच्या पातळ आवरणातली) प्रथिनं आत घेतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा श्वसनातून येते. म्हणजे मुळांना ऑक्सिजन हवाच! सुरुवातीला एवढं सांभाळा:

- वरची २-३ सेंटीमीटर माती सुकल्यावरच पाणी. सतत चिखल राहिला तर मुळं गुदमरतात, खत तसंच पडून राहतं. नवशिक्यांची बरीच झाडं इथेच जातात.
- मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्क आहे ते) ६ ते ६.५. साडेसातच्या पुढे लोह मातीत असूनही मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या.
- विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं, तेही ओल्या मातीत. जास्त झालं तर मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं.

कुंडी बदलताना मुळं झटकू नका, मूलरोमं (मुळांवरचे केसांसारखे बारीक तंतू) तुटतात. क्षार आत घेणाऱ्या प्रथिनांचे प्रकार नंतर बघू.