यिन-यांग म्हणजे नेमकं काय, आणि चिनी वैद्य त्याचा उपयोग कसा करतात?

तुम्ही विचारलंय की यिन म्हणजे स्त्री, थंड, वाईट आणि यांग म्हणजे पुरुष, उष्ण, चांगलं, एवढंच का. आणि तसं असेल तर औषधात त्याचं काय काम?

चांगलं-वाईट आधी डोक्यातून काढा. यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची. चीनमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डोंगराचा दक्षिण उतार यांग. नदीचं मात्र उलट: तिचा उत्तर काठ यांग, कारण ऊन त्याच्यावर पडतं. लुओयांग शहर वसलं ते लुओ नदीच्या उत्तरेला, आणि हुआयिन आहे हुआ पर्वताच्या उत्तरेला, म्हणजे सावलीत.

सावली ही काही वेगळी वस्तू नव्हे. कशाच्या तुलनेत आणि केव्हा, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. यिन-यांगचंही तसंच. छाती पाठीच्या तुलनेत यिन, पण पोटाच्या तुलनेत यांग. स्त्री-पुरुष ही अशीच एक जोडी. यांग वरचढ आणि यिन खालचं ही उतरंड पक्की केली ती हान काळातल्या (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) दोंग झोंगशूसारख्या कन्फ्यूशियन पंडितांनी. दाओदेजिंग या ताओ विचाराच्या मूळ ग्रंथात उलट पाण्याची, सखल जागेची, मऊपणाचीच बाजू घेतलेली दिसते. काळ्या-पांढऱ्या दोन माशांचं वर्तुळ तर फार उशिराचं, मिंग काळात (14वं ते 17वं शतक) रुळलेलं.

आता वैद्यक. 'ह्वांगदी नेइजिंग' या जुन्या ग्रंथापासून शरीराचा हिशोब याच जोडीत मांडला जातो. ओलावा, गारवा, पोषण, विश्रांती हे यिन. ऊब, हालचाल, कार्य हे यांग. आपल्याकडे 'अंगात उष्णता झालीय' म्हटलं की थंड काहीतरी दिलं जातं. चिनी वैद्य तिथे थांबून विचारतो: यांग वाढलंय, की यिन घटल्यामुळे नेहमीचंच यांग जास्त वाटतंय?

यांग वाढलं असेल तर ताप जोरात, चेहरा लाल, गार पाण्याची तहान, शौचाला खडा, जिभेवर जाड पिवळा थर, नाडी वेगवान आणि भरलेली. यिन घटलं असेल तर दुपारनंतर अंग कोमट, तळहात-तळपाय आणि छातीत कढत, झोपेत घाम, तोंड कोरडं पण पाणी घोटघोटच. जीभ लाल आणि जवळजवळ थराविना, नाडी वेगवान पण दोऱ्यासारखी बारीक.

पहिल्यात कडू, थंड औषधं देऊन उष्णता काढायची. तीच दुसऱ्याला दिली की भूक मरते, शौच पातळ होतं आणि कडू रस सुकवणारा असल्याने कोरडेपणा आणखी वाढतो. दुसऱ्यात चिकट, पौष्टिक औषधांनी यिनची भर घालायची असते. पण ती औषधं पहिल्या रोग्याला दिली तर उष्णता आतच कोंडते. इथेच सर्वाधिक चुका होतात, कारण दोघांची तक्रार एकच: 'गरम होतंय'.

भर कशी घालतात ते एका जुन्या पाठात छान दिसतं. हान काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या गोळीत आठ द्रव्यं होती: दिहुआंग (यिनला पोसणारं मूळ) 8 भाग, शानझूयू (एक फळ) आणि शानयाओ (एक कंद) 4-4, झेशिए (पाणवनस्पतीचा कंद), फुलिंग (एक बुरशी), मूदानपी (एका झुडपाच्या मुळाची साल) 3-3, आणि ऊब देणारी दालचिनीची फांदी व फूझी फक्त 1-1. सोंग काळातल्या (10वं ते 13वं शतक) छियान यी या बालवैद्याने शेवटची दोन काढली, कारण मुलांत यांग आधीच भरपूर असतं असं तो मानायचा. उरलेली सहा द्रव्यांची गोळी यिनसाठी, मूळची आठांची यांगसाठी. यांगच्या गोळीतही बहुतेक वजन यिनचंच आहे हे लक्षात घ्या; तेलाशिवाय ज्योत मोठी करता येत नाही. फूझी मात्र बचनागाच्या कुळातलं. नीट शोधन न केलेलं पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, त्यामुळे ऑनलाइन मागवून प्रयोग करू नका.

या दोन्ही गोळ्या 'मूत्रपिंडा'च्या यिन-यांगच्या म्हणवल्या जातात, पण ते क्रिएटिनिनच्या रिपोर्टातलं मूत्रपिंड नव्हे. वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण असं सगळं त्या शब्दात येतं. आणि संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन ही क्षयरोगाचीही लक्षणं आहेत. असं काही असेल तर आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या.