लेबल खरोखरच टोचते

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. शर्टाच्या आतले लेबल, मोज्याची शिवण, नखे कापणे, केस धुणे यांपैकी काहीच त्याला सहन होत नाही. मिक्सर सुरू होताच तो कान झाकून दुसऱ्या खोलीत पळतो आणि जेवणात चार-पाच पदार्थांपलीकडे कशालाही हात लावत नाही. शाळेत तो अगदी शांत असतो, असे शिक्षिका सांगतात. घरी आल्यावर मात्र अर्ध्या तासाच्या आत क्षुल्लक कारणावरून आकांत सुरू होतो. पतींच्या मते मी त्याला लाडावून ठेवले आहे. सासूबाई म्हणतात, दोन फटके बसले की सगळे सुरळीत होईल. परवा माझ्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "मी पण अशीच ओरडले तर तू माझ्याजवळ बसशील का?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चूक कोणाची आहे, आणि मी सुरुवात कोठून करू?
– एक आई

उत्तर : चुकीविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरातील बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. चूक कोणाचीही नाही आणि तुमची तर नाहीच. लाड केल्यामुळे कोणत्याही मुलाला मोज्याची शिवण टोचू लागत नाही.

पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकतो. पण मेंदूकडे आणखी तीन वाटांनी सतत संदेश येत असतात. अंतर्कर्णातून तोलाचे व हालचालीचे, स्नायू आणि सांधे यांच्यातून कोणता अवयव कोठे आहे व किती जोर लागतो आहे याचे, आणि शरीराच्या आतून भूक, तहान, शौचाची भावना यांचे. यांतील बहुतेक संदेश मेंदू बिनमहत्त्वाचे ठरवून मागे टाकतो, म्हणून सदरा अंगात घातल्यावर काही मिनिटांतच आपण त्याला विसरतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे मागे टाकणे पुरेसे होत नसावे. सकाळी टोचलेले लेबल त्याला दुपारीही तितकेच टोचत असणार. वर्गातील गोंगाट, बाकांचे घासणे, मधल्या सुट्टीतील धक्के हे सगळे सोसत तो दिवसभर स्वतःला आवरून धरतो, आणि सोसणे थांबवता येईल अशा एकमेव ठिकाणी, म्हणजे तुमच्याजवळ, पोहोचला की त्याचा बांध फुटतो. शिक्षिकांचे म्हणणे आणि तुमचा अनुभव हे दोन्ही खरे आहेत.

फटक्यांविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ज्याला स्पर्शच जास्त जाणवतो त्याला मारणे म्हणजे भरलेल्या घड्यात आणखी पाणी ओतणे आहे. हट्ट करणारे मूल रडता रडता समोरच्याकडे पाहते आणि हवी ती वस्तू मिळताच थांबते. संवेदनांचा भार असह्य झालेल्या मुलाला ती वस्तू दिली तरी त्याचे रडणे थांबत नाही, कारण त्या क्षणी ते त्याच्या हातात उरलेले नसते. अशा वेळी बोलणे कमी करावे, दिवे मंद करावेत, इतरांना खोलीबाहेर जायला सांगावे आणि त्याला नको असल्यास स्पर्शही करू नये. समजावणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

सुरुवात मात्र डॉक्टरांकडून करा. कानाचा संसर्ग, दातदुखी, दृष्टिदोष किंवा त्वचेचा विकार यांमुळेही मूल असे वागू शकते, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि त्यानंतर मुलांसोबत काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जावे. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मेंदू संवेदनांची सांगड कशी घालतो या विषयाची सविस्तर मांडणी केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांमध्ये धरले आहे, पण त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिलेले नाही. त्यामुळे 'स्वमग्नता आहे का' हा प्रश्न तज्ज्ञांनी विचारला तर घाबरू नका. स्वमग्नता नसलेल्या अनेक मुलांनाही असा त्रास होतो आणि निदान काहीही निघाले तरी घरातील मदत आजपासून सुरू करता येते.

ती मदत साधी असते. लेबले कापून टाका, मोजे उलटे घालू द्या, नखे अंघोळीनंतर मऊ झाल्यावर कापा. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा आणि शक्य असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. आवाज कधी येणार हे स्वतःच्या हाती असले की तोच आवाज पुष्कळ सुसह्य होतो. कान झाकणारी साधने गर्दीच्या ठिकाणी जरूर वापरा, मात्र दिवसभर नको, कारण कानांना शांततेचीच सवय झाली तर साधे आवाजही अधिक झोंबू लागण्याची शक्यता असते. नवा पदार्थ ताटात आवडत्या पदार्थाशेजारी नुसता असू द्या, खाण्याची सक्ती नको. खाल्ले जाणारे पदार्थ आणखी कमी होऊ लागले किंवा वजन वाढेनासे झाले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

पतींना पटवण्यासाठी वाद घालू नका. त्यांच्या हाती एक वही द्या. आकांत कधी झाला, त्याआधीच्या तासाभरात कोणता आवाज, कोणता कपडा, कोणती गर्दी होती आणि शांत व्हायला किती वेळ लागला, हे त्यांनी स्वतः १५ दिवस लिहावे. माझ्या कामात मी पाहिले आहे की उपदेशाने न बदललेले वडील अशा नोंदींनी बदलतात. थेरपिस्टच्या भेटीलाही ते सोबत असावेत. सासूबाईंना दोष देण्याऐवजी एखादे काम सोपवा, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावरची पहिली २० मिनिटे, ज्यात कोणी प्रश्न विचारणार नाही आणि तो त्यांच्याजवळ नुसता पडून राहील.

तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र मला या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिला भावाच्या त्रासाचे खरे कारण तिच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगा, आणि रोज ठरलेल्या वेळी, १० मिनिटे का होईना, फक्त तिच्याजवळ बसा. भाऊ रडत असला तरी तो वेळ मोडायचा नाही. तेवढ्यापुरते त्याला दुसऱ्या कोणी सांभाळावे. समजूतदारपणाचे कौतुक करून तिच्यावर त्याची जबाबदारी टाकू नका. आणि तुम्ही स्वतः, अशाच मुलांच्या पालकांचा एखादा गट शोधून त्यात जा. जिथे पहिल्या वाक्यापासून सगळे समजावून सांगावे लागत नाही, अशी एक जागा तुम्हालाही हवी.

प्रश्न : आमची आठ वर्षांची मुलगी सतत धडपडते, मैत्रिणींना इतक्या जोरात मिठी मारते की त्या रडतात, आणि कॉलर चावून फाडते. थेरपिस्टनी आठवड्यातून दोनदा उपचार सुचवले आहेत. त्यांचा उपयोग होतो आहे की नाही, हे आम्ही कसे ओळखायचे?
– एक वडील

उत्तर : तुमच्या मुलीची अडचण वरच्या मुलाच्या उलट दिसते. स्नायू-सांध्यांकडून येणारा संदेश तिला पुरेसा जाणवत नसावा, म्हणून ती तो जोर लावून मिळवते. ढकलणे, ओढणे, चढणे, जड पुस्तके उचलून नेणे अशी कामे दिवसात अनेकदा द्या आणि चावण्यासाठी सुरक्षित वस्तू द्या. अशा मुलांना कधीकधी दुखापतही उशिरा जाणवते, तेव्हा पडल्यावर ती रडली नाही तरी अंग तपासा.

उपचारांविषयी तुमची शंका रास्त आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्ये म्हटले होते की संवेदनांवर आधारित हे उपचार एकूण योजनेचा भाग म्हणून स्वीकारता येतील, पण त्यांच्या परिणामकारकतेविषयीचे संशोधन मर्यादित आहे, म्हणून ठरावीक मुदतीत परिणाम तपासावा. त्यानंतर काही चांगले अभ्यास झाले असले तरी ही सूचना आजही उपयोगी आहे. 'संवेदना सुधारणे' हे उद्दिष्ट मान्य करू नका. 'दोन महिन्यांत जेवणाच्या वेळी १० मिनिटे बसणे' किंवा 'मिठीआधी विचारणे' अशी मोजता येणारी दोन-तीन उद्दिष्टे लिहून घ्या. मुदत संपल्यावर फरक नसेल तर पद्धत बदलण्याविषयी निःसंकोच बोला. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही.

प्रश्न : नातवाला झोप लागावी म्हणून वजनदार ब्लँकेट घ्यावे का?
– एक आजी

उत्तर : स्वमग्न मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ब्लँकेटमुळे झोपेचा कालावधी वाढला नाही, पण मुलांना आणि पालकांना ते साध्या ब्लँकेटपेक्षा अधिक आवडले. नातवाला त्याखाली बरे वाटत असेल तर थेरपिस्टना वजन विचारून घ्यावे. तान्ह्या बाळांसाठी ते कधीही वापरू नये, आणि मोठ्या मुलालाही ते स्वतःच्या हाताने बाजूला सारता आलेच पाहिजे.