भाऊबीजेला दादा आला नाही

बेळगावातल्या वडगावच्या एका वाचक भगिनीचं दोन पानी पत्र आलं आहे. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापना दिन, तिथला राज्योत्सव; हा भाग महाराष्ट्रात यावा असं म्हणणारी तिथली मराठी माणसं तो काळा दिन म्हणून पाळतात. त्यातला मुख्य भाग असा:

‘मावशी, माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत राज्योत्सवाच्या समूहगीतासाठी तिची निवड झाली. रविवारी माहेरी जेवायला गेलो तेव्हा तिनंच ते मामाला सांगितलं. माझा दादा दरवर्षी १ नोव्हेंबरला दुकान बंद ठेवतो आणि दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला जातो. त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, “आजोबा त्या दिवशी चूल पेटवू द्यायचे नाहीत आणि नात गाणं म्हणणार?” मग बोलणं कुठल्या कुठं गेलं. तो म्हणतो, माणूस दाबल्याशिवाय काही देत नाही, सरकार असो की शेजारी. मी म्हणते, माणूस मुळात चांगला असतो, आपण नीट वागलो तर समोरचाही नीट वागतो. शेवटी मी बोलून गेले, “तुमचं आंदोलन म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.” तो उठून गेला. भाऊबीजेला आला नाही, भाच्याच्या हातून ओवाळणीचं पाकीट पाठवलं. बाबा ८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात मार खाऊन आले तेव्हा दादा दहा वर्षांचा होता, मी चार. इतका चांगला माणूस असा विचार कसा करू शकतो? त्याला कसं पटवू? की हा विषयच बंद करू?’

अगं बाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला त्या पाकिटाचंच वाईट वाटलं. भावानं ओवाळणी चुकवली नाही, पण स्वतः पाटावर बसायला आला नाही. म्हणजे नातं तोडलेलं नाही आणि दुखणंही लपवलेलं नाही. तुझ्या हातात सध्या एवढंच आहे, पण ते कमी नाही.

दुसऱ्यांदा वाचताना शेवटाजवळची ती एक ओळ दिसली, दादा दहाचा आणि तू चारची. तू ती सहज लिहून पुढं गेलीस. मी तिथंच थांबले. एकाच घरात, एकाच रात्री, बाबा मार खाऊन आले. चार वर्षांच्या पोरीला कुणीतरी आतल्या खोलीत नेऊन निजवलं असेल. दहा वर्षांचा पोरगा जागा असणार. पाणी कुणी तापवलं, बाबा किती कण्हले, आई काय बोलली, हे सगळं त्यानं पाहिलं असणार. माणूस कसा असतो हे त्याला त्या रात्री समजलं. तुला ते नंतर समजलं, शाळेत, शेजारात, कदाचित एखाद्या कन्नड बाईंच्या डब्यातून. तुम्ही दोघंही जे बोलता ते पाहिलेलं बोलता. ‘इतका चांगला माणूस असा विचार कसा करतो’ हा तुझा प्रश्न मला म्हणूनच जरा अन्यायाचा वाटतो. चांगला आहे म्हणूनच करत असेल, बापाचं दुखणं विसरायचं नाही म्हणून.

पण इथं एक धोका आहे, तो आधीच सांगते. हे वाचून तू उद्या त्याला म्हणशील, ‘दादा, तू बाबांमुळे असा झालास, मला समजतं रे.’ असं चुकूनही म्हणू नकोस. हे ऐकायला मायेचं वाटतं, पण त्याचा अर्थ असा होतो की तुझ्या म्हणण्यात काही दम नाही, ती फक्त एक जखम आहे. एखाद्याचं मत कुठून आलं हे कळलं म्हणून ते खोटं ठरत नाही. तुझंही मत कुठून तरी आलंच आहे की. त्याचं म्हणणं म्हणणं म्हणूनच घे.

आणि त्याच्या म्हणण्यात दम आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण १९५६ च्या भाषावार राज्यरचनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ठरलं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यघटनेत ३५० अ हे कलम घातलं. कागदावर हे सगळं आहे. तरीही मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून आपली माणसं वर्षानुवर्षं निवेदनं घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतात. ‘मागितल्याशिवाय, रेटल्याशिवाय मिळत नाही’ असं दादा म्हणतो ते हवेतलं नाही. ज्याला तू पोट भरलेल्यांचा उद्योग म्हणालीस, त्यात तुझ्या बाबांचं अंग काळंनिळं झालं होतं. ते वाक्य तुला परत घ्यावं लागेल, आणि तेही अटी न घालता.

तू चुकीची आहेस असं मात्र मी म्हणत नाही. माणूस दाबल्याशिवाय देत नाही हे कचेरीबद्दल खरं असेल, पण शेजाऱ्याबद्दल तेच खरं कसं? दादाच्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलत असतील. त्यांना तो उधार देतो तेव्हा कोण कुणाला दाबत असतं? सरकारशी भांडताना जे खरं ठरतं ते घरात, गल्लीत, पोरीच्या शाळेत जसंच्या तसं लावलं की बिघडतं. माझं मत विचारशील तर दादा चुकतो तो नेमका इथं. हे त्याला सांगायचंच आहे, पण कसं सांगायचं त्याची एक पद्धत मी लहानपणी पाहिली आहे. ती जरा सविस्तर सांगते.

आम्ही बेळगावच्या शहापुरात राहायचो. समोरच्या घरात एक कन्नड मास्तर होते, लिंगायत, हायस्कुलात गणित शिकवायचे. माझे वडील आणि ते संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसत. मागच्या गल्लीत विणकरांच्या मागांची खटखट चाललेली असे, म्हणून दोघांनाही मोठ्यानं बोलायची सवय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे की भांडताहेत. विषय बहुतेक वेळा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी केंद्रानं नेमलेला महाजन आयोग. १९६६ साली आयोग नेमला, १९६७ साली अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट धरून २४७ गावं कर्नाटकाला द्या, आणि बेळगाव कर्नाटकातच राहू द्या, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला. वडिलांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ.

एका संध्याकाळी आवाज फारच चढला. आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तेव्हा मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘थांबा रावसाहेब. आता तुमचं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर अडवा.’ आणि त्यांनी सांगितलं. गाव हा घटक धरायचा, सलग प्रदेश बघायचा, त्यातली बहुसंख्य भाषा बघायची आणि लोकांना काय हवं ते विचारायचं. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी मध्यस्थ म्हणून पाटसकरांनी गाव हाच घटक धरला होता, मग तोच न्याय आम्हाला का नाही? हे सांगताना ते इतके रंगले की वडिलांनी मध्येच एक मुद्दा सुचवला आणि मास्तरांनी तोही घातला. वडील म्हणाले, ‘अगदी हेच.’

मग मास्तर म्हणाले, ‘आता माझं तुम्ही सांगा.’ वडिलांना जमेना. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मास्तरांनी हात वर केला. तिसऱ्यांदा वडील सावकाश बोलले: आयोग महाराष्ट्रानंच मागितला होता, मागून घेतलेला निवाडा आपल्या विरुद्ध गेला म्हणून मोडायचा हे नीतीला धरून नाही, आणि शहर भोवतालच्या खेड्यांपासून तोडून उचलता येत नाही, त्याचा बाजार आणि त्याचं पाणी त्या खेड्यांशी बांधलेलं असतं. मास्तर म्हणाले, ‘हौद्रि, होय हो. हेच म्हणतो मी चार वर्षं झाली.’

त्या दिवशी कुणाचं मत बदललं? कुणाचंच नाही. वडील पुढंही १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला जात राहिले, मास्तर राज्योत्सवाला जात राहिले. पण त्यानंतर दोघांचं बोलणं वेगळं झालं. ‘तुम्ही लोक’ हा शब्द गेला. वडील घरात आम्हाला सांगताना म्हणू लागले, ‘मास्तरांचा मुद्दा असा आहे.’ हा फरक मी दहा-अकरा वर्षांची असताना कानांनी ऐकला आहे.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायचंच म्हणून शब्दांची ओढाताण करतात तो जल्प. स्वतःचं काही मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. मराठीत आपण वितंडवाद हा शब्द रोज वापरतो, पण पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ हरवून बसलो आणि ‘वाद झाला’ म्हणजे भांडण झालं असंच धरतो. त्या रविवारी तुमच्या जेवणात दादाचा जल्प चालला होता, आणि शेवटच्या त्या वाक्यापाशी तू वितंडेत शिरलीस. तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे, पोरीनं का गावं, हे तू मांडलंच नाहीस. त्याचं तेवढं पाडलंस.

म्हणून तू असं कर. तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते असं आमच्याकडे म्हणतात, त्याच्या आत जा. घरी नको, वहिनी आणि मुलं मध्ये येतात, मग माणूस प्रेक्षकांसाठी बोलतो. फोनवर तर मुळीच नको. दुपारी तीनच्या सुमाराला, गिऱ्हाईक नसताना, दुकानात जा. कुंदा बिंदा घेऊन जाऊ नकोस. गोडाची पुडी पुढं ठेवली की भाऊ ‘जाऊ दे गं’ म्हणतो आणि विषय पुडीखाली झाकला जातो. मोकळ्या हातानं जा आणि आधी ते वाक्य परत घे: ‘मी बोलले ते बाबांना लागणारं होतं, मी असं बोलायला नको होतं.’ इथं ‘पण’ जोडू नकोस. तो गप्प राहील. राहू दे.

मग म्हण, ‘तुझं म्हणणं मी सांगते, चुकलं तर अडव.’ आणि मनापासून सांग, त्याला स्वतःचंच वाटेल असं. ८६ सालचं सांग, कागदावरच्या हक्कांचं सांग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचं सांग. त्यानं ‘हो, हेच’ म्हटल्याशिवाय तुझं सुरू करू नकोस. तिथं कदाचित तुलाच जाणवेल की त्याचं काही तुला पटतंय. पटलं तर पटलं म्हण. त्यानं तू हरत नाहीस.

त्यानंतर तुझं मांड. एक प्रश्न त्याला विचार आणि तोच स्वतःलाही विचार: काय दिसलं तर माझं मत बदलेल? या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तेवढ्यापुरता विषय ठेवून द्या आणि धंद्याचं, वहिनीच्या गुडघ्याचं बोला. विषय कायमचा बंद करू नकोस मात्र. न बोलता जेवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथं शांतता असते, पण कुणी कुणाला ओळखत नसतं.

एका गोष्टीवर अडून राहा. पोरीसमोर तिच्या आईला फितूर ठरवणं, किंवा सगळ्या कन्नड माणसांना एका शब्दात मोडीत काढणं, हे चालणार नाही, असं स्पष्ट सांग. आवाज न चढवता सांग आणि तरी तो थांबला नाही तर उठून घरी ये. मताचा आदर म्हणजे सगळं ऐकून घेणं नव्हे. दादालाही हे समजतं, तो आयुष्यभर हेच तर मागत आलाय.

आता तिसऱ्या वाचनात काय दिसलं ते सांगते. तुझ्या दोन पानांत दादाचं म्हणणं आहे, तुझं आहे, बाबांचं आहे. ज्या पोरीवरून हे सगळं झालं तिचं एका ओळीतही नाही. बारा वर्षांची आहे ती. मामानं ताट सारलं तेव्हा ती तिथंच बसली होती. आपल्या गाण्यामुळे मामा भाऊबीजेला आला नाही, एवढं तिला नक्की कळलं असणार. ८६ साली तुमच्या घरात एक पोरगा रात्रभर जागा राहिला आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. आज रात्री हिला विचार. गाणं तिला का आवडलं, मैत्रिणी आहेत म्हणून, चाल आवडली म्हणून की आणखी कशासाठी. आजोबांची गोष्ट तिला कधी कुणी सांगितली आहे का, तेही विचार. नसेल तर सांग, तुला जेवढी माहीत आहे तेवढी. उरलेली दादाला माहीत आहे. ती त्यानंच तिला सांगावी असं त्याला दुकानात सुचवून बघ.

तुझी,
मावशी