मोजलं तेवढंच लिही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकलिंग आणि धावणं अशा सलग शर्यतीचा मार्ग आखताना कुणाला तरी आधी अंतराची चिंता वाटते आहे, हे अलीकडे फारसं दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना राग आला, आणि तो तुझ्यावरही आला. वळायला सुरक्षित जागा मिळते तिथे वळलं तर सायकलिंग 37.2 किलोमीटरच भरतं, समितीतले ज्येष्ठ म्हणतात की ‘ऑलिम्पिक डिस्टन्स’ (पोहणं 1.5, सायकलिंग 40, धावणं 10 किलोमीटर) म्हणूनच जाहीर कर, कोण मोजायला बसलंय. आणि तू मला विचारतेस की एवढ्यानं काय बिघडतं?

मोजलं तेवढंच लिही. 1.5, 37.2, 10. उत्तर एवढंच आहे. पण तू युक्तिवाद केला आहेस, म्हणून पुढचं लिहितो.

तुझं म्हणणं असं की पाण्याला ओढ असते, रस्त्याला चढ असतो, वारा असतो, त्यामुळे दोन शर्यतींच्या वेळांची तुलना तशीही होत नाही. बरोबर आहे. 2012 साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये अ‍ॅलिस्टर ब्राउनली 1:46:25 मध्ये जिंकला, 2016 ला रिओत तोच 1:45:01 मध्ये जिंकला, आणि 2024 ला पॅरिसमध्ये अ‍ॅलेक्स यी 1:43:33 मध्ये. यावरून कोण जास्त वेगवान, हे जाणता माणूस सांगणार नाही. पॅरिसला तर सीन नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहताना खेळाडू काठाच्या भिंतीला चिकटून पुढे सरकत होते. पण नदीचा प्रवाह कुणी आयोजकानं ठरवलेला नव्हता. वळणाच्या खुणेचा कोन, म्हणजे रस्त्यावरचा शंकू, कुठे ठेवायचा, हे मात्र तू ठरवणार आहेस. जे आपल्या हातात नाही त्याच्या आड जे आपल्या हातात आहे ते लपवायचं, ही पळवाट मी फार जवळून ओळखतो. मी स्वतः ती वापरली आहे.

तेव्हा मी तुझ्याहून थोडाच मोठा होतो. स्प्रिंट, म्हणजे ऑलिम्पिकच्या निम्म्या अंतराची शर्यत होती, पोहणं 750 मीटर, आणि पाण्यातल्या मार्गाची जबाबदारी माझ्याकडे. बोये, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते फुगे, आदल्या संध्याकाळी टाकले. नांगराचे दोर गरजेपेक्षा लांब ठेवले. रात्रीतून दूरचा बोया सरकला. पहाटे काठावरून बघताना मला ते दिसलं होतं. होडी घेऊन जायला वीस मिनिटं लागली असती, आणि सुरुवातीची वेळ माइकवरून जाहीर झाली होती. मी गप्प बसलो. शर्यतीनंतर नकाशावर बसवून पाहिलं तर अंतर 1050 मीटरच्या आसपास आलं. पहिल्यांदाच उतरलेल्या चारजणांना होडीत घ्यावं लागलं. त्यातली एक बाई काठावर टॉवेल गुंडाळून बसली होती. मला म्हणाली, “मी तीन महिने बरोब्बर साडेसातशेचा सराव केला होता, मग मला का नाही जमलं?” मी तिला सांगितलं, आज पाण्याला ओढ होती.

ओढ नव्हती. ती बाई पुन्हा कुठल्या शर्यतीत दिसली नाही. आजही तिला शोधून खरं सांगावंसं वाटतं, पण मी तेव्हा तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

म्हणून तुझ्या ‘एवढ्यानं काय बिघडतं’चा मला राग येतो. ठरलेलं अंतर हा नाव नोंदवणाऱ्याला दिलेला शब्द असतो. त्या आकड्यावर तो सराव आखतो, किती पाणी आणि किती खाणं बरोबर घ्यायचं ते ठरवतो, कट-ऑफमध्ये, म्हणजे शर्यत संपवायच्या ठरलेल्या मुदतीत बसेन का याचा हिशेब मांडतो. सायकलिंग जवळपास तीन किलोमीटरनं कमी भरलं तर कुणी बुडणार नाही, मान्य. पण आज सायकलिंगमध्ये चालवून घेतलंस तर उद्या पाण्यातही चालवून घेशील.

आणि हे आकडे पवित्र आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बेवर पहिल्या ट्रायथलॉनला 46 जण उतरले, तेव्हा धावणं आधी होतं, सायकलिंग आठ किलोमीटरच्या आसपास आणि पोहणं पाचशे यार्डांच्या आसपास. आजच्या कुठल्याच नावात ते बसत नाही. 1978 ला हवाईतल्या ओआहू बेटावरच्या पहिल्या आयर्नमॅनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये, तिथल्याच तीन शर्यती एकामागोमाग जोडल्या, आणि सुरुवात-शेवट जुळावा म्हणून सायकलिंगचे 115 मैल 112 वर आणले. कमी केले आणि कमी केलेलेच सांगितले! 1.5-40-10 सुद्धा त्या त्या खेळात आधीच रुळलेली अंतरं. 1989 ला फ्रान्समधल्या आविन्यों इथे ट्रायथलॉनची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी तिथेच याच अंतरावर पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि 2000 ला सिडनीत खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराचं, 1.9-90-21.1 चं, नावच मुळी मैलांची बेरीज, 70.3. अलीकडे 2-80-18 अशी शंभर किलोमीटरची मालिका निघाली, तिनं नावही आपलं वेगळं घेतलं. नवं अंतर काढायला कुणाची ना नाही. नाव एकाचं आणि अंतर दुसऱ्याचं, एवढं नको.

मला लोक हटवादी म्हणतात, तुझ्या कानावर आलंच असेल. एका आयोजकाशी माझं वाजलं, कारण धावण्याचा मार्ग 9.4 भरत होता आणि त्याला बॅनरवर 10 हवे होते. मी सही केली नाही. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या मार्गावर वळणाचा कोन तीनशे मीटर पुढे नेला असता तर जाता-येता मिळून काम होत होतं, आणि हे मी नकाशा काढून दाखवलं होतं. अजूनही मला वाटतं की मी बरोबर होतो. असो, हे तुला सांगायची गरज नव्हती.

आता कामाचं. गाडीच्या मीटरवर विसंबू नकोस. खेळाडूंच्या घड्याळावर तर नाहीच. पोहताना हात पाण्याखाली गेला की जीपीएसचा सिग्नल तुटतो. बोये टाकल्यावर दोर ताणून घे आणि शर्यतीच्या दिवशी पहाटे होडीतून प्रत्येक बोयाची जागा पुन्हा नोंदव. त्यासाठी वीस मिनिटं लागतील. ती वेळापत्रकात आधीच लिहून ठेव, म्हणजे माइकवाला तुझी वाट बघेल. धावण्याचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं छोटं यंत्र) लावून मोज, आणि धावणारा जिथून कमीत कमी अंतरात जाऊ शकेल त्याच रेषेनं जा, वळणावर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर सोडून. वर हजारात एक मीटर जास्त धर, म्हणजे 10 किलोमीटरला 10 मीटर. मार्ग कमी भरू नये म्हणून रोड रेसवाले हेच करतात.

ज्येष्ठांना सांग की फलकावर 37.2 छापायचं. फारच अडून बसले तर माझं नाव पुढे कर, मला सवय आहे.

पोलादी पट्टी माझ्याकडे आहे, मोजणीच्या दिवशी मी घेऊन येतो. आधी सरळ रस्त्यावर पट्टीनं तीनशे मीटर आखू आणि त्यावरून सायकल चारदा नेऊन काउंटर तपासू. टायरमध्ये हवा आदल्या रात्रीच भरून ठेव. ऊन चढलं की टायर तापतो आणि आकडा बदलतो, म्हणून मार्ग मोजून झाल्यावर त्याच तीनशे मीटरवर पुन्हा चारदा जायचं आहे. तेव्हा दमलेली असशील, तरी जायचं.

तुझा,
काका